पदूआते गप्प झाली तेव्हा

फार वर्षांपूर्वी, खाडी गावाच्या अंगणापर्यंत डोकावायची, तेव्हाची ही गोष्ट. चिंबोरखार गावाची भातशेती दर्याच्या पाण्याहून खाली होती. मध्ये फक्त चिखलाचा एक बांध. त्या बांधाचे घराघरांत वाटे पडले होते. ज्याने त्याने आपला वाटा लिंपायचा. पण वाटे बांधाला असतात, दर्याला नसतात. एका वाट्यात चिंबोरीने, एवढ्याशा खेकड्याने, बीळ पाडलं, की खारं पाणी साऱ्या गावाच्या भातात, आणि मग तीन वर्षं दाणा नाही. इतकी साधी गोष्ट! पण कोणाला कळेल तर शपथ.

कळत होती ती गावातल्या एकट्या म्हाताऱ्या पदूआतेला. ती रोज बांधावरून फिरायची आणि एकेकाचं नाव घेऊन ओरडायची. असं म्हणतात, तिच्या आवाजाने बगळे उडायचे, माणसं मात्र हलायची नाहीत.

“धाया, तुझ्या वाट्यात हात जाईल एवढं बीळ पडलंय रे!”

“उद्या भरतो, आते. दर्या काय आजच येतोय?”

“नाही हो, तुला विचारून येईल!”

नारळी पौर्णिमा आली. सगळं गाव वाजतगाजत बंदरावर गेलं. दर्याला नारळ द्यायला वेळ होता, बांधाला टोपलीभर चिखल द्यायला नव्हता! भर दुपारी उधाण चढलं आणि धायाच्या वाट्याला भगदाड पडलं. पदूआते त्यात पाठ लावून बसली आणि गावाला हाका मारू लागली. हाका बंदरापर्यंत गेल्या.

“आतेचं रोजचंच आहे,” धाया म्हणाला. सगळे हसले.

तेव्हा आतेने माणसांचा नाद सोडला आणि ती दर्यालाच बोलू लागली. “तुला तरी लाज आहे का रे? आमचा नारळ खातोस, वर आमचं भातही खाणार?” असं म्हणतात, दर्या तिच्या हनुवटीपाशी थबकला आणि खाली मान घालून ऐकत राहिला.

मग आते दम खायला थांबली.

बंदरावरचा ढोल अडखळला. आते गप्प? असं कधी झालंच नव्हतं! सर्वांत आधी धाया पळाला, त्याच्यामागे सारं गाव, हाताला येईल तो चिखल घेऊन. भगदाड बुजलं. भात वाचलं. “उद्या आला असतात की!” म्हणत आते उठली आणि बांधावरून बडबडत पुढे गेली. ती कुठे उतरली, कोणी पाहिलं नाही.

आजही चिंबोरखारात नारळाआधी चिखल. गावातली सर्वांत म्हातारी बाई बांधावर उभी राहते आणि एकेका घराचा उद्धार करते. लोक हसतात, उलट बोलतात, रेंगाळतात.

मग ती एकदम गप्प होते, आणि सगळं गाव टोपल्या घेऊन धावत सुटतं.