दवंडीतला अर्धा भाव

नदीवर पूल नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. काठावरच्या एका गावात एक दवंडीवाला राहत होता. आवाज असा खणखणीत, की त्याने वेशीवर हाक दिली की मळ्यातली माणसं हातचं काम थांबवून ऐकत. कुणाची गाय हरवली, कुणी नवं दुकान थाटलं, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. ‘दवंडीत आलं म्हणजे खरंच असणार,’ असं लोक म्हणत, आणि ते ऐकून त्याला मोठं समाधान वाटे.

पैलतीरावर दर मंगळवारी बाजार भरे. खालच्या घाटावरचा म्हातारा नावाडी माणूस आणि ओझं मिळून तीन पैसे घेई आणि सावकाश पार नेई. एके वर्षी वरच्या घाटावर दुसऱ्या एका नावाड्याने नवीकोरी नाव आणली. चार वल्ह्यांची, बाणासारखी पळणारी. तो दवंडीवाल्याकडे आला.

“दादा, माझी दवंडी पिट. पैलतीर एक पैसा!”

“एकच? आणि ओझ्याचं?”

“ओझ्याचे दोन वेगळे. उतरताना फळी लावतो, तिचा एक. पण ते तू कशाला सांगतोस? लोक एकदा नावेत बसले की कळेलच की.”

दवंडीवाला क्षणभर घुटमळला. मग मनाशी म्हणाला, नावेत बसायला एक पैसाच लागतो ना? मग मी खोटं कुठं बोलतोय? आणि डफावर थाप मारून तो निघाला, “ऐका हो ऐका! नवी नाव, वेगाची नाव! पैलतीर एक पैसा!”

लोक वरच्या घाटाकडे लोटले. खालच्या घाटावर म्हातारा दिवसभर माश्या मारत बसू लागला.

असे तीन बाजार गेले. मधल्या धारेत फसलेले लोक मुकाट्याने पैसे मोजत आणि फसल्याची लाज वाटून कुणाला सांगत नसत. चौथ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या विणणारी एक बाई दवंडीवाल्याच्या दारात येऊन उभी राहिली. पाय धुळीने माखलेले, डोळे लाल.

“दादा, काल मी तुमची दवंडी ऐकून नावेत बसले. एकच लागतो म्हणून एकच पैसा घेऊन निघाले होते. म्हटलं, बाजारात सुपं विकली की येतानाचा पैसा निघेल.”

“मग?”

“मधल्या धारेत नावाडी म्हणाला, ओझ्याचे दोन काढ, फळीचा एक काढ. मी म्हटलं, नाहीत माझ्याजवळ. तर म्हणाला, मग उतरू देणार नाही. शेवटी माझी दोन चांगली सुपं ठेवून घेतली त्याने. आठ दिवसांचं काम होतं माझं. येताना त्याच्या नावेत पाय ठेवायची हिंमत झाली नाही. चार कोस वर उताराची जागा आहे, तिथून पाण्यातून चालत आले.”

दवंडीवाला चाचरत म्हणाला, “पण बाई, मी खोटं नव्हतो बोललो.”

“खोटं नाही बोललात दादा. अर्धं बोललात. सगळा भाव घाटावरच कळला असता, तर घरून तीन पैसे आणून मी खालच्या घाटाने गेले असते. भरल्या नदीत बसल्यावर माणूस कुठं जाणार?”

बाई निघून गेली. दवंडीवाल्याने भाकरी तोडली आणि तशीच ताटात सारली. नावाड्याचे पैसे फडताळात होते. तिकडे बघायचीही त्याला लाज वाटत होती.

पुढच्या मंगळवारी वरच्या घाटावर ही गर्दी. नावाड्याने खूण केली. दवंडीवाल्याने डफ वाजवला आणि दम भरून हाक दिली, “ऐका हो ऐका! नवी नाव, वेगाची नाव! बसायला एक पैसा, ओझ्याचे दोन, उतरायच्या फळीचा एक! ओझंवाल्याला एकूण चार पैसे हो!”

“अरे, तोंड आवर!” नावाडी ओरडला. “माझे पैसे घेऊन माझंच नुकसान करतोस?”

“हे घे तुझे पैसे.” दवंडीवाल्याने कनवटीला लावून आणलेले पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. “यापुढे सांगेन तर सगळं सांगेन.”

गर्दी हसली, कुजबुजली आणि अर्धीअधिक खालच्या घाटाकडे वळली. पुढच्या बाजाराला तर नव्या नावेत चारच माणसं बसली. खरं तर एवढ्या वेगासाठी चार पैसे द्यायला काही जण तयार होते. पण प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती, हा मधल्या धारेत आणखी काय मागेल कोण जाणे!

महिन्याभराने नावाडी पडेल तोंडाने दवंडीवाल्याच्या अंगणात आला. “दादा, नाव चांगली आहे माझी. तरी लोक येत नाहीत. काय करू?”

“आधी त्या बाईची सुपं परत कर. मग असेल तो एकच भाव सांग, आणि पाण्यात गेल्यावर तोंड उघडू नकोस.”

“चार पैसे म्हटलं तर लोक तीनवाल्याकडे जातील.”

“काही जातील. पण तुझी नाव निम्म्या वेळात पोचते, तेही खरंच आहे. तेही मी सांगेन.”

नावाडी त्याच संध्याकाळी सुपं घेऊन बाईच्या घरी गेला. मंगळवारी नवी दवंडी घुमली, “ओझ्यासकट चार पैसे, रिकाम्या हाताने दोन! फळी त्यातच आली! निम्म्या वेळात पैलतीर!”

मडक्यांची टोपली घेऊन एक कुंभार घाईत आला आणि नावेत बसला. मधली धार आली, गेली. नावाडी गप्प. नाव काठाला लागली, नावाड्याने स्वतः फळी टाकली, टोपलीला हात दिला. कुंभाराने चार पैसे दिले आणि तो तिथेच उभा राहिला.

“अजून काही?” त्याने विचारलं.

“काही नाही. सांभाळून जा.”

कुंभार खो खो हसला. बाजारात जो भेटेल त्याला त्याने हे सांगितलं.

हळूहळू दोन्ही घाट नांदते झाले. घाई असेल तो वरच्या घाटाने जाई, दमाने जायचं असेल तो खालच्या. भांडण नाही, तंटा नाही. पंचांनीही नियम केला, की नाव असो वा दुकान, ज्याला आपला भाव चारचौघांत सांगायचा असेल त्याने तो पूर्णच सांगायचा, अर्धा नाही. तो नियम गावाला ऐकवायला अर्थात दवंडीवालाच गेला. त्या दिवशी वेशीवर उभं राहून तो इतक्या मोकळ्या गळ्याने ओरडला, की पैलतीरावरच्या लोकांनीही माना वळवल्या. घरी येऊन त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

तात्पर्य: भाव कितीही असो, तो घेणाऱ्याला काठावरच कळला पाहिजे. अर्धं सांगून गिऱ्हाईक नावेत बसवता येतं, पण ते पुन्हा येतं सगळं सांगणाऱ्याकडेच.