धुरात जाणारं गंधक

डोंगरांनाही नीट आठवत नाही इतक्या जुन्या काळी, एका राज्याच्या उतारावर चहाचा मळा होता. तिथे पानं खुडणाऱ्या एका तरुण मुलीचं नाव होतं वेणा. मळ्यातला एक पट्टा तिच्या आईने लावलेला. आई गेल्यावर आईचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

एके वर्षी त्या पट्ट्याची पालवी पिवळी पडली. मळ्याचे म्होरके आबा म्हणाले, "झाडं म्हातारी झाली. उपटा."

"म्हातारी कशी?" वेणा तडकली. "खालची जुनी पानं बघा, हिरवीगार! पिवळी पडलीत ती कोवळी. जुन्यांनी सगळं धरून ठेवलंय, पोरांना काही देतच नाहीत."

"हे पानांना बोलतेस की मला?" आबांनी डोळे वटारले. बायका पदराआड हसल्या.

मळ्यात एक रीत होती. छाटणी झाली की फांद्या-पानांची रास करून पेटवायची, म्हणजे मळा चकचकीत. त्या वर्षीही रास पेटली. धूर नाकात गेला आणि वेणा थबकली. हाच वास डोंगरापलीकडच्या गरम कुंडाला यायचा, गंधकाचा. आणि कुंडाकाठचं चहाचं रानटी झुडूप तर बारा महिने हिरवं!

"आबा, झाडांना हवं ते गंधक धुरात चाललंय. मातीच्या तोंडचा घास आपण आभाळाला देतोय. माझ्या पट्ट्याची छाटणी जाळू नका. बुंध्याशी पसरू द्या."

"आणि नाही सुधारली झाडं, तर?"

"तर पहिली कुदळ मीच मारीन."

दोन पावसाळे पानं कुजली, मातीत मुरली. तिसऱ्या वर्षी त्या पट्ट्याला अशी पालवी फुटली की शेजारचे पट्टे फिके दिसू लागले.

आबा काठी टेकत आले. एक कोवळं पान बोटांत धरून त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं.

"पोरी, माझी आजी छाटणी बुंध्याशीच टाकायची. दिसायला घाण म्हणून मीच ती रीत मोडली, आणि कुणाला सांगितलंही नाही. तू तुझ्या आईची झाडं राखलीस, माझ्या आजीचं शहाणपणही राखलंस. उपकार झाले गं तुझे."

वेणाचा सगळा राग ओसरला. तिने वाकून आधी आबांच्या पायांना हात लावला, मग कुजलेल्या पानांना.

तेव्हापासून छाटणीच्या दिवशी मळ्यात आग पेटत नाही. सर्वांत थोरल्याने पहिली फांदी बुंध्याशी ठेवायची आणि सर्वांत धाकटीने मोठ्याने म्हणायचं, "पोचलं हो!"

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोसुद्धा, धाकट्यांसाठी सोडलेलं पुन्हा उगवतं. धरून ठेवलेल्याचा एक दिवस धूर होतो.