हेमावळीच्या अंगावरून अकरा गाढवं

शेवरगडचा नवा पूल बांधून झाला आणि त्याच दिवशी दवंडी पिटली: पुलावर कुणी पाय ठेवायचा नाही!

त्याचं असं झालं. राजा उदाजी हेमावळी नगरीचा पाहुणचार घेऊन आले, ते तिथल्या राजाला वचन देऊनच. हेमावळी आजपासून शेवरगडकरांची बहीण. तिच्या मानासाठी नव्या पुलाला त्यांनी ‘हेमावळी’ नाव दिलं. मग त्यांच्या मनात आलं, बहिणीला चुकून पाय लागला तरी माणूस वाकून नमस्कार करतो. इथे तर अख्खं गाव तिला तुडवणार!

प्रधानाने तोड सुचवली, की लोकांनी हातांवर चालावं. दोन पैलवान दातांत खलिते धरून तसे गेलेही. प्रधान स्वतः गेला, तेव्हा त्याचं पागोटं नदीला मिळालं. बाकीचं गाव पहिल्यासारखं कमरेएवढ्या पाण्यातून जाऊ लागलं.

पंचाईत झाली गोजरा कुंभारणीची. बाजार पलीकडच्या तीरावर. पाण्यात गाढव घसरलं की रांजण फुटायचे. लागोपाठ दोन बाजारांचा माल नदीत गेला. तिसराही गेला तर कुंभारवाड्याला गाव सोडावं लागणार होतं. तेव्हा ती दरबारात उभी राहिली.

राजे म्हणाले, बहिणीचा अपमान न करता पुलावरून जाऊन दाखव, पूल सगळ्यांना मोकळा करतो. नाही जमलं, तर पुन्हा इथे यायचं नाही.

“हातांवर चाल की,” प्रधान म्हणाला.

“मी चालेन हो. माझ्या अकरा गाढवांना तुम्ही शिकवाल का?”

मग तिने राजांना विचारलं, हेमावळी मोठी की शेवरगड? हेमावळीच, राजे अभिमानाने म्हणाले, चांगली दोनशे वर्षांनी.

“म्हणजे थोरली बहीण. महाराज, आक्कासाहेब आपल्याला कडेवर घ्यायच्या?”

राजांच्या थोरल्या बहिणीला, आक्कासाहेबांना, जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांचं नाव तिथे कुणी घेत नसे.

“सात वर्षांचा होईपर्यंत,” राजे हळू आवाजात म्हणाले. “माझे पाय तिच्या गुडघ्यांना लागायचे.”

“त्यांना तो अपमान वाटायचा?”

“छे! खाली ठेवते म्हणाली, की मीच लाथा झाडायचो.”

“मग हेमावळी वेगळं काय करते? थोरली आहे, धाकट्यांना कडेवर घेऊन पाण्यापलीकडे नेते.”

राजांच्या मिशा हलल्या. पण हट्ट तो हट्टच. “आणि गाढवं? ती काही माझी भावंडं नव्हेत.”

“महाराज, कडेवरच्या पोराच्या काखेत कुत्र्याचं पिल्लू असतं, मुठीत बेडूक असतो. बहीण त्यांच्यासकट उचलते.”

“बेडूकच होता!” राजे ओरडले, आणि असे हसले की डोळे पुसता पुसता पुरेवाट झाली. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी गोजराला दिलं आणि वाड्यावरचे सगळे रांजण यापुढे तिच्याकडून घ्यायचे, असा हुकूम सोडला.

त्या बाजाराला अकरा गाढवं पुलावरून गेली. त्यांच्या पुढे राजे चालत होते, पायांत जोडे घालून.