बाबजीच्या गाडीतला नमदा

एका गावात एक भोळा बाबजी होता, त्याची बायको येसू होती आणि दोघांच्या पोटाला आधार म्हणून एक म्हातारी मोटार होती. लग्नसराईत नवरदेव मिरवायचे, वर्षभर खायचं.

पण यंदा मोटारीला वास सुटला. आवाज होऊ नये म्हणून कुणी एके काळी तिच्या तळाला डांबराचा थर चिकटवला होता, वर जाड लोकरीचा नमदा. सगळं कुजलं. नवरदेव नाक धरून पळायला लागले.

येसू म्हणाली, "शुक्रवारी सरनोबतांचं लग्न आहे. तोवर हे काढा. हेही गिऱ्हाईक पळालं तर गाडी भंगारात!"

बाबजी मिस्त्रीकडे गेला. "दादा, कसं काढू?"

"बर्फ ठेव. गार झालं की ठोक. आपोआप सुटतं."

बाबजीने नमद्यावर बर्फाची लादी ठेवली. बर्फ वितळला, नमदा सगळं पाणी प्यायला. बाबजीने हातोडी हाणली. घाण पाणी तोंडभर उडालं.

"अहो, बर्फ डांबराला!" येसू ओरडली. "नमदा उन्हात वाळवून हाताने ओढायचा."

"असं होय? आता ध्यानात ठेवतो."

ठेवलं की! नमदा येसूनेच ओढून काढला. राहिलं डांबर. बाबजीने गाडी भर उन्हात लावली, डांबरावर फतकल मारली आणि हाताने ओढायला लागला. डांबर पाघळलं. बाबजी बसला तो बसलाच.

"अगं, मी निघत नाही!"

"मिस्त्री काय म्हणाले होते? चिकटलेलं गार करून ठोकायचं ना?"

"खरंच की. मग आण बर्फ. अन् हळू ठोक, कंबर जुनी आहे."

येसूने कपाळावर हात मारला. धोतर डांबराला दिलं, नवरा तेवढा सोडवला. मग बर्फ ठेवून, ठोकून, खुरप्याने सगळा तळ तिनेच खरवडला.

मिस्त्रीने नवा नमदा दिला. म्हणाला, "आवाज जिथून आत येतो, तिथं दाबून बसव."

बाबजी गाडीला कान लावून बसला. गाडी उभी, आवाज कुठला? "कुठूनच येत नाही, तर बसवू कुठं?" त्याने नमदा सीटखाली टाकून दिला.

शुक्रवारी नवरदेव बसला. गाडी निघाली आणि रिकामे डबे डोंगरावरून घरंगळावेत तसा खडखडाट!

नवरदेव किंचाळला, "बाबजी, आवाज!"

"कुठून आत येतोय?"

"कानातून! आणखी कुठून?"

बाबजीला हायसं वाटलं. जागा सापडली. त्याने गाडी थांबवली, सीटखालच्या नमद्याचे तुकडे फाडून दोन बोळे केले, नवरदेवाच्या कानांत दाबून बसवले, वरून फेटा आवळला.

"आता कसं?"

नवरदेव नुसता हसला. त्याला ऐकूच आलं नाही.

मांडवात नवरदेवाचा मामा रुसला. मानाचा शेला आखूड निघाला म्हणे. "ऊठ रे! लग्न मोडलं!" नवरदेव हसला. काका गरजला, "आधी अंगठी, मग हार!" नवरदेव आणखी हसला. आत्याने तर गळाच काढला. तिलाही हसला. अंतरपाट खाली गेला, नवरी दिसली, त्याने हार घातला. मामाचा घसा बसला, तो मुकाट्याने पंगतीत जाऊन बसला.

नवरीच्या बापाने फेट्याखालचे बोळे पाहिले आणि बाबजीचे हात धरले. "बाबा रे, धाकटीच्या लग्नालाही तुझीच गाडी."

तेव्हापासून पंचक्रोशीतल्या मुलींचे बाप घोडा नको म्हणतात. येसू-बाबजीच्या गाडीला आता उसंत नाही. येसूने तळाला नमदा बसवायचं नुसतं नाव काढलं, की सगळे हात जोडतात, "राहू दे बाई, वाजू दे!"