दारावरची दांडगी

फार जुनी गोष्ट, एका वारुळातली. दारावर दांडगी मुंगी पहारा देई. मिशीला मिशी लावून वास ओळखायचा, मगच आत सोडायचं, हे तिचं काम.

तिची परीक्षा घेई त्याच वारुळातली तुरतुरी मुंगी. रोज सकाळी परक्या वारुळाची माती फासून ती दाराशी जाई. दांडगी तिला अडवी. "शाब्बास!" म्हणत तुरतुरी फक्त तिलाच ठाऊक असलेल्या मागच्या फटीतून घरात शिरे.

पण दाणे आणायला गेलेल्या मुंग्या परतेनात. कुठे गेल्या? तुरतुरीला चैन पडेना. एकदा ती अंग धुऊन, घरच्याच वासाने दाराशी आली.

"हो मागे!" दांडगी गरजली.

"अगं, वास तरी घे!"

"कशाला? अडवलं की तू शाब्बास म्हणतेसच."

तेवढ्यात पाचोळ्यातून एक मुंगी डोकावली. तोंडातला दाणा खाली ठेवून तिने हळूच विचारलं, "तुलाही नाही घेतलं?"