नगाऱ्यावर सांडगे वाळवणाऱ्या राणीची कहाणी

ऐक वेसाई, तुझी कहाणी. बायांनो, हातातल्या अक्षता हातातच राहू द्या आणि कान इकडे द्या.

पाच टेकड्या होत्या. पाच टेकड्यांवर पाच आटपाट नगरं होती. खाली नदी होती. नदीपल्याड एक राजा होता, त्याला दुसऱ्याची जमीन दिसली की अन्न गोड लागत नसे. म्हणून पाची नगरांच्या वेशीवर एकेक नगारा होता, आणि नगाऱ्याच्या पाठीशी वेसाईचा शेंदूर लावलेला दगडी तांदळा होता.

चैत्रात नदीचं पाणी गुडघ्याला येई. मग पहिल्या मंगळवारी बाया काय करीत? नगाऱ्याचं चामडं पुसत, त्याला तेल चोळीत, दोऱ्या ताणून बांधीत. तीन टिपऱ्या देत. पहिली देवीची, दुसरी आपली, तिसरी शेजाऱ्याची. चारी टेकड्यांवरून उत्तर येई. मग घरटी एक बाई भाकरी बांधून घेई, पायी शेजारच्या नगरात जाई, तिथल्या बाईच्या घरी बसून ती भाकरी अर्धी अर्धी खाई. दोघी भाकरबहिणी होत. "हाक देईन, हाकेला येईन," इतकं म्हणून परत येत. कशासाठी? तर वाट पायांना ठाऊक राहावी.

पुढे काय झालं? डोंगरामागे एक चक्रवर्ती होता. त्याचे हजार हत्ती होते. तो म्हणाला, "तुम्ही कशाला धावपळ करता? तुमच्यावर कोणी आलं तर मला सांगा. माझे हत्ती येतील." आणि खरंच, आज्यांच्या काळी एकदा ते आले. धरणी हादरली, शत्रू पळाला. पाची नगरांनी साखर वाटली. मग हळूहळू बाया म्हणू लागल्या, हत्ती आहेत की. एकीनं तेल सोडलं, दुसरीनं दोऱ्या सोडल्या, तिसरीनं वाट सोडली. चक्रवर्ती म्हातारा झाला, वारला. त्याच्या जागी दुसरा बसला, त्यानंतर तिसरा. शब्द कोणी दिला होता, कोणाला दिला होता, ते कोणी विचारलं नाही.

मधल्या टेकडीवर सुलक्षणा नावाची राणी राज्य करी. राजा देवाघरी गेला होता, दोन मुलं लहान होती. राणी हुशार होती, बोलायला गोड होती. तिच्या वेशीवरचा नगारा सगळ्यांत मोठा. त्यावर दिवसभर ऊन असे. एका चैत्रात राणीनं पाहिलं, म्हणाली, "काय छान जागा आहे." आणि तिनं नगाऱ्यावर कोहळ्याचे सांडगे वाळत घातले.

नगारा सांभाळणारी बयजा म्हातारी धावत आली. म्हणाली, "बाईसाहेब, चामड्याला मीठ लागतंय."

"लागू दे," राणी म्हणाली. "वाजवायचाय कोणाला?"

मग दासी हसल्या. राणीही हसली. सांडगे कुरकुरीत झाले. पुढच्या वर्षी पुन्हा घातले, त्याच्या पुढच्या वर्षीही घातले.

शेजारच्या टेकडीवर गिरजा नावाची राणी होती. तिनं वसा सोडला नव्हता. दर चैत्रात ती भाकरी घेऊन सुलक्षणेकडे येई. पाय धुळीनं भरलेले, कपाळाला घाम. सुलक्षणा म्हणे, "गिरजाअक्का, अजून चालत येता? तुमच्याकडे हत्तींची बातमी पोचली नाही वाटतं." गिरजा म्हणे, "पोचली. हत्तींना आमची वाट ठाऊक आहे का, ते नाही कळलं." मग ती नगाऱ्याकडे बघे, त्यावरच्या पांढऱ्या सांडग्यांकडे बघे आणि अर्धी भाकरी मोडी. सुलक्षणा अर्धी भाकरी घेई आणि ती गेल्यावर गाईला घाली.

असं होता होता वैशाख आला. नदी आटली. पल्याडचा राजा फौज घेऊन उतरला, तो गिरजेच्या नगरावर आला. मग गिरजेचा नगारा वाजला. तिचा धाकटा भाऊ सोपान वेशीवर उभा राहून वाजवत होता.

सुलक्षणा तेव्हा सांडगे उलटत होती. हात थांबला. प्रधान म्हणाला, "निघायचं का?" राणी म्हणाली, "आपण गेलो आणि मागून हत्ती आले, तर आपलं हसं होईल. आधी चक्रवर्तीला कळवा." दूत घोड्यावर बसला. संध्याकाळी परत आला. म्हणाला, "चक्रवर्ती म्हणतात, हत्ती येतील. पण आमच्या उपकारांची आठवण म्हणून पाची वेशींवर आमच्या नावाची कमान हवी." राणी म्हणाली, "बांधू म्हणावं."

दुसरा दिवस उजाडला. नगारा वाजतच होता. बयजा वेशीवर जाऊन बसली, काही बोलेना. राणीनं दुसरा दूत धाडला. तो परत आला. म्हणाला, "चक्रवर्ती म्हणतात, हत्ती येतील. पण गिरजाबाई गेल्या दसऱ्याला दरबारात आल्या नाहीत, ते आम्ही विसरलेलो नाही." राणी म्हणाली, "तिच्या वतीनं मी माफी मागते म्हणावं."

तिसरा दिवस उजाडला. नगारा वाजत होता, पण टिपऱ्या लांबल्या होत्या. तिसरा दूत गेला. दुपारी परत आला, मान खाली घालून उभा राहिला.

"बोल की."

"चक्रवर्ती म्हणतात, पल्याडचा राजाही आमचा स्नेहीच आहे. त्याला नदीकाठची शेतं देऊन टाका, भांडण मिटेल. आणि चौघींपैकी कोणी मध्ये पडलं तर आम्ही तिचे कोणी नाही."

प्रधान म्हणाला, "निघायचं का?" राणी म्हणाली, "थांबा." एवढ्यात नगारा थांबला.

भर दुपार होती. पाखरू बोलत नव्हतं. राणीनं कान दिला, पुन्हा दिला, तिसऱ्यांदा दिला. काही ऐकू आलं नाही. तीन दिवस तिला वाटत होतं, हा आवाज एकदा थांबावा. आता थांबला, तर तिला स्वतःच्या छातीवर हात ठेवता येईना.

मग बातमी आली. गिरजेची खालची वस्ती जळाली. माणसं वरच्या कोटात शिरली म्हणून वाचली. नदीकाठची शेतं गेली. सोपान नगाऱ्यापाशीच पडला, हातात टिपरू होतं. चक्रवर्तीचा दूत वाजतगाजत आला, पेढे घेऊन आला. म्हणाला, "बघा, आमच्या महाराजांनी तंटा मिटवला." राणीनं पेढा हातात घेतला. मुलं म्हणाली, "आई, खा ना." तिला तो खाववेना, खाली ठेववेना.

ज्येष्ठ लागला. पल्याडच्या राजानं तंबू उचलले. गिरजेच्याच शेतातून मोर्चा वळवला, तो सुलक्षणेच्या टेकडीकडे तोंड करून बसला. राणीनं दूत धाडला नाही. उत्तर तिला ठाऊक होतं. ती धावत वेशीवर गेली. नगाऱ्यावरचे सांडगे दोन्ही हातांनी झाडले. काही चिकटले होते, ते नखांनी खरवडले. टिपरू उचललं आणि मारलं. फट्ट करून चामडं फाटलं. आवाज वेशीबाहेरसुद्धा गेला नाही.

बयजा बाजूला बसली होती. राणी म्हणाली, "बयजा, तू बोलत का नाहीस?"

"बोलले होते, बाईसाहेब. तीन वर्षांमागं."

राणीनं टिपरू खाली ठेवलं. म्हणाली, "गिरजाअक्काच्या नगराची वाट कुठली?"

"मला विचारता? तुमच्या भाकरबहिणीचं घर ते."

मग राणीनं पदर खोचला. बयजा पुढे, राणी मागे. वाटेवर घाणेरी माजली होती, बाभळी वाढल्या होत्या. पाय रक्तानं माखले. तिला आठवलं, हीच वाट गिरजा दर वर्षी तुडवून यायची आणि आपण तिच्या धुळीच्या पायांना हसायचो.

गिरजा वेशीवर बसली होती. फाटलेल्या नगाऱ्यावर नवं चामडं चढवीत होती. जळक्या लाकडांचा वास येत होता. तिनं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, दोरी ओढली.

"वाळले का सांडगे?" ती म्हणाली.

राणीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणाली, "अक्का, मी ऐकलं होतं. तीन दिवस ऐकलं."

"ठाऊक आहे. वारा तुमच्याकडेच होता."

"मी दूत धाडले. तीन धाडले."

"कुणाकडे? डोंगरामागे. आणि आम्ही एका हाकेवर होतो."

बयजानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो राणीनं घेतला नाही. म्हणाली, "आता माझ्यावर आलंय. मला हाक मारायचं तोंड नाही. माझी दोन लेकरं आहेत, नगर आहे. तुमचा वसा मला सांगा."

"सांगेन. पण तू हत्ती पाहिलास की विसरशील."

"विसरणार नाही."

"तर ऐक. चामड्याला तेल, दोरीला ताण, वाटेला पाय. ते सोपं आहे. अवघड ते आधी कर. उरलेल्या तीन नगरांच्या वेशीवर जा, आणि आपल्या तोंडानं सांग की हाक ऐकली आणि मी गेले नाही. दूताकरवी नाही."

मग राणी पहिल्या नगरात गेली. वेशीवर उभी राहून म्हणाली, "हाक ऐकली आणि मी गेले नाही." तिथली राणी सुपात तांदूळ निवडत होती. तिचं सूप कलंडलं. म्हणाली, "बाई, हळू बोला. मीही गेले नाही. माझ्या नगाऱ्यात कोंबड्या बसतात."

मग दुसऱ्या नगरात गेली. "हाक ऐकली आणि मी गेले नाही." तिथल्या राणीनं पायातल्या वहाणा काढून पुढे ठेवल्या. म्हणाली, "हा माझा नगारा. चामडं चांगलं होतं, आम्ही जोडे करवले. चालताना कुणाला दिसू नयेत म्हणून आता लुगडं लांब नेसते."

मग तिसऱ्या नगरात गेली. तिथल्या राणीनं दार लावून घेतलं. सुलक्षणा दाराबाहेरून म्हणाली, "हाक ऐकली आणि मी गेले नाही." आतून रडण्याचा आवाज आला. मागल्या दारानं ती राणी बाहेर आली. म्हणाली, "माझ्या नगाऱ्यावर चक्रवर्तीची तसबीर रंगवलीय. वाजवला तर त्यांच्या तोंडावर टिपरू बसेल. म्हणून वाजवला नाही."

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. चौघींनी ऐकलं होतं. चौघींनी दूत धाडले होते. चौघी आपापल्या घरात बसून दुसरी जाईल म्हणत होत्या. चौघी मिळून निघाल्या असत्या, तर सोपान तिसऱ्या दुपारी भाकरी खात बसला असता.

मग चौघी गिरजेच्या दारी आल्या. गिरजा म्हणाली, "माझा एकच नगारा धड आहे. उचला. पाळी सुलक्षणेची आहे, तिच्या वेशीवर ठेवू." चार राण्यांनी खांदा दिला. राण्यांना खांद्यावर वजन घ्यायची सवय नव्हती, वळ उठले. सुलक्षणेनं खांदा बदलला नाही.

पल्याडचा राजा टेकडी चढू लागला. सुलक्षणेनं टिपरू गिरजेपुढे धरलं. गिरजा म्हणाली, "तूच मार. तीन." राणीनं पहिली टिपरी देवीची दिली, दुसरी आपली दिली. तिसऱ्या टिपरीला तिचा हात हवेत राहिला.

"ती शेजाऱ्याची," गिरजा म्हणाली. "तो नाही आता. तरी दे."

तिसरी टिपरी पडली. मग पाची नगरांची माणसं निघाली. कोणाकडे कोयती, कोणाकडे कुऱ्हाड, कोणाकडे नुसती गोफण. प्रत्येकाच्या कमरेला भाकरी. जळक्या वस्तीची माणसं सगळ्यांत आधी पोचली, कारण वाट त्यांनाच ठाऊक होती. पल्याडच्या राजानं पाच वाटांवर पाच धुळीचे लोट पाहिले. त्याला एकेक दार ठोठावायची सवय होती, पाच दारं एकदम उघडताना त्यानं पाहिली नव्हती. तो मागं फिरला. गिरजेच्या शेतात थांबला, तिथूनही त्याला हुसकावलं. नदी ओलांडून गेला.

चार दिवसांनी डोंगरामागून घंटा वाजली. चक्रवर्तीचा एक हत्ती आला, झूल घालून आला. माहूत म्हणाला, "आभार कोण मानतंय?" राणीनं हत्तीला ऊस दिला, पाणी पाजलं, माहुताला जेवू घातलं आणि सन्मानानं परत पाठवलं. राग धरला नाही. भरवसाही धरला नाही.

मग वेसाई तांदळ्यातून प्रगट झाली. म्हणाली, "मुली, प्रसन्न झाले. माग."

राणी म्हणाली, "ते तीन दिवस परत दे."

देवी म्हणाली, "ते माझ्याकडेही नाहीत. दुसरं माग."

राणीनं विचार केला. म्हणाली, "मग माझी लाज माझ्याकडे राहू दे. पुन्हा गोड बोलू लागेन, तेव्हा ती टोचू दे."

देवी म्हणाली, "दिली." आणि गुप्त झाली.

तेव्हापासून दर चैत्रात पहिल्या मंगळवारी सुलक्षणा राणी पायी गिरजेकडे जाई. भाकरी मोडी, अर्धी तिला देई. गिरजा ती घेई. सांडग्यांचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. पण राणीच्या घरात सांडगे पुन्हा झाले नाहीत, आणि मुलांनी का विचारलं तर राणी त्यांना हाताला धरून वेशीवर नेई, नगाऱ्याला तेल चोळायला बसवी आणि पहिल्यापासून सगळं सांगे. स्वतःचं काही लपवीत नसे.

वेसाई, सुलक्षणेला उशिरा लाज दिलीस, आम्हाला वेळेवर दे. पहिल्या टिपरीला दे. शेजारणीची हाक आली तर आमचे पाय डोंगराकडे न वळोत, वाटेकडे वळोत. ही साठा उत्तरांची कहाणी पाच नगाऱ्यांत सुफळ झाली, अर्ध्या भाकरीत संपूर्ण झाली.