मधाच्या रंगाचे थेंब

गोजरी सात वर्षांची होती. तिची आई टोपल्या विणायची. पण आईच्या दोन्ही किडन्या थकल्या, आणि घरातली चूल कधी पेटे, कधी नाही. शेवटी हिरामावशीने आपली एक किडनी आईला दिली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी आई तापाने फणफणली.

"आईच्या अंगातले पहारेकरी नव्या किडनीला परकी समजताहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना थोपवणारं औषध माझ्याकडे नाही गं."

गोजरी दवाखान्यामागच्या बागेत जाऊन बसली. तिथे सुकलेल्या मातीत एक चिमुकली, रुपेरी केसांची परी धापा टाकत होती. गोजरीने आपल्या बाटलीतलं सगळं पाणी हळूहळू तिच्यावर शिंपडलं. परी मोत्यासारखी चमकू लागली.

"मी मातीतल्या बुरशीची परी. एक इच्छा माग, बाळ. त्या पहारेकऱ्यांना मारून टाकू?"

"नको," गोजरी म्हणाली. "ते आईला आजारांपासून जपतात. फक्त मावशीच्या किडनीला त्रास देऊ नये त्यांनी."

परी हसली. तिने एका दवबिंदूत आईच्या अंगातली एक पहारेकरी पेशी दाखवली, जांभळी, लुकलुकणारी. परीने मधाच्या रंगाचा इवला थेंब सोडला. तो अलगद पेशीत शिरला आणि तिथल्या एका छोट्याशा प्रथिनाच्या खाचेत चपखल बसला. मग ती जोडी मिळून एका मोठ्या प्रथिनाला जाऊन चिकटली. लढाईची हाक पुढे पोचवायचं काम त्याचंच होतं. हाक अडली. पेशी शांत झाली.

"एकट्या थेंबाला हे जमत नाही, एकट्या प्रथिनालाही नाही," परी म्हणाली. तिने एक कुपी दिली. "ही कधी संपणार नाही. पण सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी एकच थेंब द्यायचा. चुकलीस तर जोडी सुटेल. आणि पहारा सैल असेल, तेव्हा हात धुतल्याशिवाय आईजवळ जायचं नाही."

गोजरीने एकही वेळ चुकवली नाही. तिसऱ्या सकाळी आईचं कपाळ गार लागलं.

"भात आहे का गं थोडा?" आईने विचारलं.

इतके दिवस न रडलेली गोजरी हमसून रडू लागली.

"आता कशाला रडतेस, बाय?"

"आता रडलं तर चालेल ना," गोजरी म्हणाली.

खिडकीत बसलेल्या परीने दोघींकडे डोळे भरून पाहिलं, आणि कोवळ्या सोनेरी उजेडात ती विरघळून गेली.